कड्यावरची पाण्याची लिफ्ट

माझी नोकरीची चौतीस वर्षे लिफ्टच्या देखभालीत गेली. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर एक खोली असते. तिथे तेलाचा वास, कबुतरांची घाण आणि मधोमध एक घरघरणारे चाक असते. त्या खोल्यांतच माझे तारुण्य सरले. त्यामुळे निवृत्तीनंतर लेकीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा ‘आता तरी लिफ्ट नको’ असे बायकोने मला विमानतळावरच बजावले होते. आठव्या दिवशी मी एका बंद लिफ्टच्या कुंपणाला नाक लावून उभा होतो.

लेक आणि जावई केंट परगण्यातल्या फोकस्टन या गावी राहतात. इंग्लिश खाडीच्या काठचे हे गाव. स्वच्छ हवेच्या दिवशी पलीकडे फ्रान्सचा किनारा दिसतो. गाव वर, कड्यावर, समुद्र खाली. कड्याच्या माथ्यावर रुंद हिरवळीचा फिरण्याचा रस्ता आहे, त्याला ‘द लीज’ म्हणतात. तिथून समुद्रकाठी उतरायचे तर पायऱ्या, नागमोडी वाट किंवा लांबचा उतार. बायकोचा गुडघा दुखरा. ती वरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, “तुम्ही जाऊन या, मी इथूनच बघते समुद्र.” तेव्हा लेक म्हणाली, “बाबा, इथे एक लिफ्ट होती. पाण्यावर चालणारी. गेल्या वर्षी बंद पडली.”

पाण्यावर चालणारी लिफ्ट! ते साल २०१८ होते. त्यानंतर मी तीनदा तिथे राहून आलो आणि प्रत्येक वेळी त्या बंद लिफ्टमागे लागलो. तिला पुन्हा चालती करण्यासाठी गावकऱ्यांनी जे केले ते पाहताना माझ्याच नोकरीतला एक जुना हिशेब डोके वर काढू लागला. हा लेख त्या लिफ्टविषयी आहे आणि थोडासा त्या हिशेबाविषयीही.

कप्पी, दोर आणि दोन पोहरे

आधी यंत्र समजून घेऊ. लिफ्ट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सरळ उभी जाणारी पेटी येते. कड्यावरची लिफ्ट तशी नसते. कड्याच्या उतारावर तिरके रूळ टाकलेले असतात आणि त्यांवरून डबा वरखाली जातो. आपल्याकडे सप्तशृंगी गडावर २०१८ साली जी फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, ती याच जातीची. फरक इतकाच, की गडावरची ट्रॉली विजेच्या मोटरवर चालते. फोकस्टनची लीज लिफ्ट १८८५ साली सुरू झाली तेव्हा तिच्यात मोटर नव्हती आणि पुढेही तिने पाण्याचाच आधार सोडला नाही.

विहिरीवरची कप्पी आठवा. एकच दोर, त्याच्या दोन्ही टोकांना दोन पोहरे. एक खाली जातो तेव्हा दुसरा वर येतो. आता पोहऱ्यांच्या जागी दोन डबे कल्पा, शेजारशेजारच्या रुळांवर उभे. दोर वरच्या टोकाला असलेल्या मोठ्या चाकावरून गेलेला. दोन्ही डबे सारख्याच वजनाचे असल्याने एकमेकांना तोलून धरतात, कोणीच हलत नाही. हलवायचे तर एका बाजूला थोडे जड करायला हवे. त्यासाठी प्रत्येक डब्याच्या पोटाखाली पाण्याची टाकी आहे. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी सोडतात, खालच्या डब्याची टाकी रिकामी करतात. वरचा डबा जड झाला की उतरू लागतो आणि खालच्याला वर ओढून घेतो. खाली पोचल्यावर त्याचे पाणी सोडून देतात, तोवर वर आलेल्या डब्यात पाणी भरणे सुरू होते.

आमच्या आजोळी मोट होती. बैल धावेवरून उतरत आणि त्यांच्या ओढीने पाणी वर येई. इथे नेमके उलटे. पाणी उतरते आणि माणसे वर येतात.

किती पाणी लागते? लोकांना वाटते, टाकी भरून. तसे नाही. वर जाणारी दहा माणसे असतील आणि खाली येणारे कोणीच नसेल तर माणशी सत्तर किलो धरून सातशे किलोंचा फरक पडतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो; तेव्हा सातशे लिटर आणि वर घर्षणावर मात करण्यापुरते आणखी थोडे. पण दोन्ही डब्यांत दहा-दहा माणसे असतील तर फक्त ते ‘आणखी थोडे’ पुरते. आणि उतरणारा डबा भरलेला, चढणारा रिकामा असेल तर पाणी लागतच नाही. उतरणारी माणसेच चढणाऱ्या डब्याला ओढतात. म्हणून डब्यात किती माणसे बसली ते वरच्या चालकाला कळावे लागते. या जातीच्या लिफ्टमध्ये खालून वर घंटेची खूण देण्याची पद्धत त्यासाठीच पडली.

खाली सांडलेले पाणी वाया जात नाही. पंप ते पुन्हा वरच्या टाकीत चढवतो. एक हजार लिटर पाणी तीस मीटर वर न्यायला नुसत्या गणिताने एक युनिट विजेचा बारावा भाग लागतो. पंपाची गळतीघट धरली तरी आपल्या घरातला पंखा दोन-तीन तास चालवण्याइतकी वीज. शिवाय हा पंप छोटा असला तरी चालतो. तो दिवसभर हळूहळू टाकी भरत राहतो आणि गर्दीच्या वेळी ती साठवण कामी येते. शहरात विजेचे जाळे नसलेल्या काळात ही युक्ती किती सोयीची होती हे वेगळे सांगायला नको.

योगायोग असा, की शरीरात रक्त फिरते हे सिद्ध करणारा विल्यम हार्वे याच फोकस्टनचा, जन्म १५७८. हातात हृदय धरलेला त्याचा पुतळा लीजवर उभा आहे. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवणारी ही लिफ्ट त्याच्या गावात असावी, हे मला तरी शोभून दिसले.

हवापालटाचे दिवस

फोकस्टनला आगगाडी १८४३ मध्ये पोचली. लंडनचे सुखवस्तू लोक समुद्रावर हवापालटाला येऊ लागले आणि कड्यावर मोठमोठी हॉटेले उभी राहिली. लीजची मालकी रॅडनर या उमराव घराण्याकडे होती. ‘नको ती’ माणसे तिथे फिरकू नयेत म्हणून या उमरावाने तिथे स्वतःचे खासगी पोलीस ठेवले होते! अशा ठिकाणी १६ सप्टेंबर १८८५ रोजी लिफ्ट सुरू झाली. ती इतकी चालली, की १८९० मध्ये तिच्या शेजारीच दुसरी जोडी बसवावी लागली. ही दुसरी जोडी १९६६ पर्यंत टिकली. पहिली मात्र चालूच राहिली.

अशा लिफ्ट त्या काळी इंग्लंडच्या किनाऱ्यावर बऱ्याच झाल्या. कारण साधे आहे. त्या किनाऱ्याला जागोजाग कडे आहेत, हॉटेले कड्यावर, वाळू खाली, आणि तिकीट काढून उतरायला तयार असलेले पाहुणे. सर्वांत आधीची स्कारबरोची, १८७५ ची. फोकस्टनच्या शेजारी सँडगेटलाही एक होती, १८९३ मध्ये सुरू झालेली आणि १९१८ मध्ये बंद पडलेली. ‘टाइम मशीन’वाले एच. जी. वेल्स काही वर्षे सँडगेटला राहत होते. काळाच्या यंत्राची कल्पना करणाऱ्या या लेखकाच्या घराजवळ ही पाण्याची लिफ्ट वरखाली करत असे.

बंद का पडली?

जानेवारी २०१७ मध्ये लीज लिफ्ट थांबली. तिची ब्रेकची व्यवस्था आजच्या सुरक्षा-निकषांत बसत नव्हती आणि ती बदलण्याइतका पैसा हाताशी नव्हता.

‘फक्त ब्रेकसाठी?’ असे वाचकाला वाटेल. कुंपणापाशी भेटलेल्या कित्येकांनाही तसेच वाटत होते. “एकशे तीस वर्षे चालली, आताच काय झाले? हे निरीक्षक लोक म्हणजे...” अशी बोलणी मी ऐकली. मी गप्प राहिलो, कारण माझी सारी नोकरी त्या निरीक्षक लोकांच्या बाजूला गेली होती.

मोटरच्या लिफ्टमध्ये वेग मोटर ठरवते, ब्रेक फक्त थांबवायला लागतो. पाण्याच्या लिफ्टमध्ये वेगाला लगाम घालणारे दुसरे काही नाहीच. एकदा जड बाजू उतरू लागली की ती उतरतच राहणार. त्यात दोराचेही वजन असते. सुरुवातीला दोराचा लांब तुकडा खालच्या डब्याच्या बाजूला असतो, म्हणून वरच्याला जोर लावावा लागतो. मध्यावर दोन्ही डबे एकमेकांना ओलांडले की दोराचे वजन उतरणाऱ्याच्या बाजूने जाते आणि त्याचा वेग वाढू पाहतो. तेव्हा पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत ब्रेक हाच सारथी. शिवाय आजचा निकष विचारतो: दोर तुटला तर? चालकाला भोवळ आली तर? ब्रेकचा एक भाग निकामी झाला तर? या तिन्ही वेळी डबा कोणी काही न करता आपोआप जागच्या जागी थांबला पाहिजे. हात लावल्यावर लागणारा ब्रेक पुरेसा नाही. हात काढल्यावर लागणारा ब्रेक हवा. माझ्यासमोर तो कागद आला असता तर मीही तेच लिहिले असते: चालवण्यास अयोग्य.

गिरगावातली एक इमारत

हे शब्द मी आयुष्यात अनेकदा लिहिले. त्यांतले एक लिहिणे विसरता येत नाही.

१९९४ साल असेल. गिरगावातली पागडीची जुनी चार मजली इमारत. जाळीच्या सरकत्या दाराची, लाकडी पेटीची लिफ्ट, आत बसायला घडीची फळी. दोराचे तंतू तुटलेले आणि पेटीखालचा, दोर तुटल्यास रुळाला पकडणारा सुरक्षा-चिमटा गंजून जाम झालेला. मी माझ्या कंपनीच्या कागदावर शेरा मारला आणि लिफ्टला कुलूप लागले. शेरा बरोबर होता. आजही मी तोच मारीन.

तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहत. रोज संध्याकाळी त्या खाली देवळात कीर्तनाला जात. मी कुलूप लावून निघालो तेव्हा दारात उभ्या होत्या. “लिफ्टवाले, कधी हो सुरू होईल?” “महिन्याभरात होईल, आजी,” मी म्हणालो. तसे म्हणायची पद्धत होती.

भाडे महिन्याला काही रुपये, त्यात मालक दुरुस्ती करीना. भाडेकरूंत एकमत होईना. खर्च कोणी किती द्यायचा यात दोन वर्षे गेली. शेजारच्या इमारतीत मी कामाला जाई तेव्हा आजी गॅलरीत दिसत. त्या दोन वर्षांत त्या फक्त दोनदा खाली उतरल्या, दोन्ही वेळा खुर्चीत बसवून, दवाखान्यात नेण्यासाठी. पुढे मी वर बघणे सोडून दिले.

माझा शेरा सुरक्षिततेचा होता. पण यंत्र बंद केल्याने धोका संपला, असे फक्त यंत्राच्या बाजूने पाहिले तरच म्हणता येते. जिन्याच्या बाजूने पाहिले तर तो धोका आजींच्या गुडघ्यांकडे सरकला होता. माझ्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

वाचवणे म्हणजे काय काय?

म्हणूनच फोकस्टनमध्ये पुढे काय घडते याची मला उत्सुकता होती. ‘वाचवा’ अशी पाटी लावणे सोपे. पण कोणापासून वाचवायचे? लिफ्ट कोणी पाडणार नव्हते. तिला आधीच राष्ट्रीय वारशाचे संरक्षण होते. इंग्लंडमध्ये संरक्षित वास्तूंच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वरची पहिली श्रेणी, मग तारांकित दुसरी, मग साधी दुसरी. नव्वद टक्क्यांहून जास्त वास्तू साध्या दुसऱ्या श्रेणीत असतात. तारांकित श्रेणीत सहा टक्क्यांहूनही कमी. लीज लिफ्ट या तारांकितांपैकी.

पण हे संरक्षण पाडण्यापासून असते, थांबण्यापासून नसते. परवानगीवाचून कोणी खिळा हलवू शकत नाही, हे खरे. मात्र खिळा बदलायला पैसे द्या, असे ते कायद्याचे कलम कोणालाच सांगत नाही. देऊळ किंवा वाडा बंद राहिला तरी तो देऊळ किंवा वाडाच राहतो. यंत्र बंद राहिले की त्याचा वारसा म्हणजे त्याचे चालणेच निघून जाते. उरते ते लोखंड, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती दिवस टिकते हे आपल्या कोकणातल्या कोणालाही विचारा.

या लिफ्टवर ही वेळ पहिल्यांदा आली नव्हती. २००९ मध्येही स्थानिक परिषदेने ती चालवणे थांबवले होते. तेव्हा गावात आवाज उठला, दुरुस्ती झाली आणि नफ्यासाठी नसलेल्या, समाजहितासाठी स्थापलेल्या कंपनीने ती पुढे चालवली. पण तिकिटाच्या पैशांतून रोजचा खर्च निघतो. सगळी ब्रेकव्यवस्था बदलण्याचा निघत नाही. २०१७ मध्ये ते उघडे पडले. म्हणून दुसऱ्या खेपेला लोकांनी वेगळा मार्ग धरला. धर्मादाय संस्था उभी केली आणि एकदाच, पण पुरते करायचे ठरवले.

मोठा पैसा आला तो राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून. १९९४ पासून ब्रिटनमध्ये लॉटरीच्या तिकिटातला ठरावीक हिस्सा सार्वजनिक कामांना जातो. त्यातला एक वाटा वारशाला. हा निधी दोन टप्प्यांत मिळतो. आधी थोडे पैसे मिळतात, ते फक्त विचार करायला. त्यात मोजणी, आराखडे, परवानग्या, अंदाजपत्रक आणि ‘चालू झाल्यावर दहा वर्षांनी पैसे कुठून आणाल’ याचे उत्तर. ते पटले तर कामाचा मोठा निधी. लीज लिफ्टला या दुसऱ्या टप्प्यात सुमारे ४८ लाख पौंड मंजूर झाले. बाकीची रक्कम इतर देणगीदार आणि स्थानिक संस्थांकडून उभी करायची. योजनेत जुने डबे आणि यंत्रणा दुरुस्त करणे आहेच, पण खालच्या स्थानकापाशी उपाहारगृहासारखी कमाईची सोयही आहे.

उपाहारगृह म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी पडली होती. वारशाच्या नावाने चहाची टपरी! पण गिरगाव आठवले आणि आठी गेली. तिथे लिफ्ट नेमकी याच कारणाने मेली होती. तिला स्वतःचे उत्पन्न नव्हते. यंत्राला चालण्यासाठी पाणी लागते तसे चालू राहण्यासाठी पैशाचे फिरणे लागते. ते फिरणे कुठून, हा प्रश्न जी चळवळ पहिल्या दिवशी विचारत नाही, तिला तो दहाव्या वर्षी विचारावा लागतो.

तीन लिफ्ट, तीन मालक

हे ताडून पाहावे म्हणून मी आणखी दोन लिफ्ट पाहून आलो. दोन्ही पाण्यावरच्या, दोन्ही चालू, आणि दोन्हींचा अभियंता एकच, जॉर्ज क्रॉयडन मार्क्स. पेटंटच्या क्षेत्रात आजही नाव असलेली ‘मार्क्स अँड क्लार्क’ ही पेढी याच मार्क्सची.

यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या सॉल्टबर्नची लिफ्ट जून १८८४ ची. ब्रिटनमधल्या चालू असलेल्या पाण्याच्या लिफ्टमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते. रंगीत काचांच्या खिडक्यांचे तिचे डबे समुद्रात गेलेल्या धक्क्यासमोर येऊन थांबतात. पण मला जास्त रस वाटला तो तिच्या जन्मकथेत. तिच्या आधी तिथे उभा लाकडी पाळणा होता. १८८३ मध्ये तपासणीत त्याचे आधार कुजलेले आढळले, सुरक्षेच्या कारणाने तो बंद झाला, आणि वर्षभरात त्याच्या जागी ही लिफ्ट आली. आज जिला वारसा म्हणून आपण हात जोडतो ती एका ‘चालवण्यास अयोग्य’ शेऱ्यातून जन्मली. पुढे १९९८ मध्ये तिचे मुख्य चाक पहिल्यांदाच बदलले आणि ब्रेकही नवे बसवले. तरी ती सॉल्टबर्नचीच लिफ्ट राहिली. ही लिफ्ट तिथल्या परिषदेच्या मालकीची.

दुसरी डेव्हनमधल्या लिंटन आणि लिनमथ या जोडगावांची, १८९० ची. ८६२ फूट लांब, ५०० फूट चढ. तिला पैसा पुरवला प्रकाशक जॉर्ज न्यून्स यांनी. ज्यांच्या ‘स्ट्रँड’ मासिकातून पुढच्याच वर्षीपासून शेरलॉक होम्सच्या लघुकथा येऊ लागल्या, तेच हे न्यून्स. तिथे पंप नाही. वेस्ट लिन नदीचे पाणी वर नळाने येते आणि डब्यांतून खाली उतरते. हे पाणी घेण्याचा हक्क १८८८ च्या कायद्याने तिला कायमचा मिळालेला आहे. मालकी कंपनीची, तिकिटावर चालते, आणि उन्हाळ्यात रांग लागते.

म्हणजे एक परिषदेची, एक कंपनीची, एक आता धर्मादाय संस्थेची. मालकी कोणतीही चालते. जे चालत नाही ते म्हणजे जबाबदारी कोणाचीच नसणे. स्कारबरोची एक लिफ्ट २००६ मध्ये थांबली. सुरक्षेच्या मागण्यांचा खर्च पेलेना आणि ती पुन्हा धावली नाही. बोर्नमथची १९०८ ची पूर्वेकडची लिफ्ट एप्रिल २०१६ मध्ये दरड कोसळून मोडली आणि वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली. कडा स्वतःच ढासळत असेल तर आधी कडा सावरायला लागतो आणि तो खर्च लिफ्टच्या कित्येक पट.

आपल्याकडचे उदाहरण माथेरानच्या गाडीचे. १९०७ पासून धावणारी ही गाडी २०१९ च्या पावसाने रूळ उखडल्यावर थांबली आणि २०२२ च्या ऑक्टोबरात नेरळहून पुन्हा निघाली. ती रेल्वेची होती. जबाबदार एक होता, म्हणून उशिरा का होईना, निघाली.

एक साधा युक्तिवाद

२०२४ मध्ये तिसऱ्यांदा गेलो तेव्हा फोकस्टनमध्ये आणखी एक गोष्ट झाली होती. गावातून बंदराकडे उतरणारा ‘रोड ऑफ रिमेम्ब्रन्स’ त्या वर्षाच्या सुरुवातीला दरडी कोसळून बंद झाला होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला निघालेले असंख्य सैनिक याच उतारावरून बोटीकडे गेले. आता तोही बंद, लिफ्टही बंद. वरचे गाव आणि खालचा किनारा यांत धडधाकट माणसाला दहा मिनिटे आणि गुडघेदुखीच्या माणसाला मोठा वळसा.

लेकीच्या शेजारी एक सत्तरी उलटलेल्या बाई राहतात. त्या एकदा मला म्हणाल्या, की लिफ्टच्या इतिहासाबद्दल त्यांना फारसे काही वाटत नाही. त्यांना फक्त समुद्रावर जाऊन परत यायचे आहे. माझ्या मते चळवळीचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच. १८८५, अभियंते, श्रेण्या हे सारे अर्जात लिहावे लागते. पण ज्याची रोज गरज भासते तेच यंत्र टिकते. गरज संपलेली वस्तू संग्रहालयात जाते, गरज असलेली दुरुस्तीला जाते.

आणि नवे ब्रेक बसवल्याने जुनेपण जाते का? वारशाच्या जाणकारांत यावर वाद असतात. माझे उत्तर कामगाराचे आहे. पाण्याच्या लिफ्टचा दोर किती वेळा बदलला असेल कोण जाणे. तो बदलला नसता तर ती कधीच दरीत गेली असती. पाणी भरले की उतरते, रिकामे झाले की चढते, ही तिची ओळख. ती राखून ब्रेक आजचा बसवला तर मला त्यात खोटेपणा दिसत नाही. पाणी काढून मोटर बसवली तर दिसेल.

लीज लिफ्ट चालताना मी एकदाही पाहिलेली नाही. मी परत निघालो तेव्हा तिचे काम अजून व्हायचे होते. बायको त्याच बाकावर बसली होती. “झाली का तुमची लिफ्ट?” तिने विचारले. “होईल,” मी म्हणालो. या वेळी मात्र महिना सांगितला नाही.

मुंबईत आल्यावर गिरगावात गेलो. ती इमारत आहे. लिफ्ट आता स्टीलच्या पेटीची, आपोआप दार उघडणारी. आजी जाऊन किती वर्षे झाली ते विचारायला मी वर गेलो नाही. खाली उभा राहून बटण दाबले, पेटी आली, दार उघडले, पुन्हा मिटले.

अजूनही कोणी तरुण तंत्रज्ञ जुन्या लिफ्टविषयी विचारायला येतात. त्यांना मी सांगतो, की अयोग्य असेल तर तसे निःसंकोच लिहा, कोणाच्याही भिडेला पडू नका. पण त्याच कागदावर खाली आणखी तीन ओळी लिहा: काय केले तर ती योग्य होईल, त्याला किती खर्च येईल, आणि तोवर वरच्या मजल्यावरचे लोक खाली कसे येतील. छापील फॉर्ममध्ये त्यासाठी जागा नसते. समासात लिहा.